मधून कडेला

९ फेब्रुवारी

प्रदर्शनं भरवणारा प्रणवेश चेन्नईहून येऊन गेला. प्रदर्शन ठरलं. ११ एप्रिलला उद्घाटन, इथे तंजावुरातच, राजवाड्यामागच्या दालनात. शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात जन्म गेला, निवृत्त होऊनही चार वर्षं झाली, आणि आता हे पहिलं स्वतःचं प्रदर्शन. आनंद व्हायला हवा. होते आहे धाकधूक, म्हणून ही वही काढली. आई मिरजेची होती, तिनं मला देवनागरी शिकवली. या घरात मराठी सगळे बोलतात, वाचत कुणीच नाही. वही टेबलावर उघडी राहिली तरी भीती नाही.

प्रणवेशचं म्हणणं, जुनी छापचित्रं भिंतीला शोभतील, पण लोक नवं बघायला येतात. "एक मोठं करा मॅडम. सगळं प्रदर्शन त्याच्याभोवती उभं राहील." हा मुलगा माझ्या लेकीहून, हरिणीहून लहान आहे, पण बोलतो अधिकारानं.

मोठं म्हणजे कोरडा कालवा. गावातल्या पुदु आरू कालव्यात पाणी नसतं तेव्हाचा तळ, वाळू, अडकलेल्या माडाच्या झावळ्या, वर पांढरं आकाश. पाच रंग, आणि सगळे एकाच लिनोवर, त्या रबरासारख्या कोरायच्या तुकड्यावर. आधी जवळजवळ अख्खा तुकडा फिक्या पिवळ्यानं छापायचा. मग जिथे पिवळं राहायला हवं तेवढं कोरून काढायचं आणि त्याच कागदांवर पुढचा रंग चढवायचा. असं करत शेवटच्या काळ्यासाठी लिनोवर थोड्या रेघा उरतात. पहिल्या दिवशी जितके कागद छापले तितकेच. मधे एखादा बिघडला तर तो गेला, कारण आधीचा रंग छापायला ती जागाच शिल्लक नसते. इतक्या मोठ्या आकारात हे मी कधी केलेलं नाही.

यंत्र माझ्याकडे नाही. आमचं यंत्र म्हणजे श्रीनिवासराव. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. लग्नानंतर लगेच मी त्यांच्या हातात अगप्पै दिली, नारळाच्या करवंटीचा तो डाव. शाई लावलेल्या लिनोवर पातळ नेपाळी कागद ठेवायचा आणि करवंटीच्या पाठीनं घासायचं. कोरणं माझं, घासणं त्यांचं. मला ते कधी जमलं नाही. माझा कागद सरकतो.

"मधून कडेला जायचं गे कनका," ते दर वेळी सांगतात. "तू कडेकडून घेतेस, मग तो पळून जातो."

१४ फेब्रुवारी

पिवळा झाला. तीस कागद. श्रीनिवासराव तीन दिवस घासत होते. पूर्वी एवढं काम एका सकाळचं. मी म्हटलं, "अहो, सरकारी काम समजून करताय काय?" म्हणाले, "पेन्शनर आहे मी. दमादमानं." हसलो दोघं.

कागद दोरीवर लावले. अख्खं घर पिवळं दिसत होतं.

२३ फेब्रुवारी

दुसरा रंग, मातकट तांबूस. उजवा वरचा कोपरा फिका आला. एकावर नाही, ओळीनं सहा कागदांवर. रोलर मीच फिरवला होता, शाई सगळीकडे सारखी होती. मी विचारलं. म्हणाले, "कागद जाड आलाय गे या वेळी."

कागद तोच, एकाच गठ्ठ्यातला.

सहाही फाडले. बिघडलेला छाप घरात ठेवायचा नाही, हे कॉलेजात सरांनी शिकवलेलं. उभा एकदा, आडवा एकदा. श्रीनिवासराव बघत उभे होते. म्हणाले, "वरचं आकाश तर आहे. आकाश थोडं फिकं चालत नाही का?" मी म्हटलं, चालत नाही.

२६ फेब्रुवारी

स्कूटर शेजारच्या गल्लीतल्या कुणाला तरी देऊन टाकली. मला न विचारता. क्लच घट्ट झाला म्हणे. मग दुरुस्त करायची होती. आता टाउन बसनं भाजीला जातात आणि कोथिंबिरीची एक जुडी घेऊन येतात. पिशवी जड नको. शर्टही सोडले आहेत, टी-शर्ट घालतात, कॉलेजातल्या पोरांसारखे. हरिणीनं तीन पाठवले. मी चिडवलं तर म्हणाले, "आर्टिस्टचा नवरा आहे. स्टाइल पाहिजे की."

हरिणी हल्ली रोज फोन करते. माझ्याशी दोन वाक्यं, मग "अप्पांना दे." ते फोन घेऊन मागच्या अंगणात जातात.

४ मार्च

तिसरा रंग. शाई बदलून बघितली, थोडं जवसाचं तेल घातलं. लिनो उन्हात तापवून घेतला. कोपरा तरीही फिका. आता नुसता कोपरा नाही, उजवी कडच. मी समोर उभी राहिले तर म्हणाले, "तू आत जा. कुणी बघत असलं की हात चालत नाही." चाळीस वर्षं मी समोर उभी असते!

दुपारी जेवताना त्यांच्या डाव्या कोपराला त्याच रंगाची शाई लागलेली दिसली. कोपराला शाई कशी लागते? विचारलं तर म्हणाले, टेकलो असेन. लिनोवर टेकायचं म्हणजे काय. आणखी पाच कागद फाडले.

रसमभात हल्ली चमच्यानं खातात. त्यातही सांडतात. डाव्या हातानं.

९ मार्च

श्रीनिवासराव सकाळी तिरुचीला गेले. पेन्शनची सही, म्हणाले. पेन्शनची कचेरी तर इथे आहे. परत आले तेव्हा दोन्ही हातांवर आणि एका पायावर लाल ठिपके होते, डास चावल्यासारखे. मी तेल लावू म्हटलं, नको म्हणाले. पंख्याखाली आडवे झाले. मला दिसलं, दंडाची कातडी आपोआप हलत होती, आत मुंगी फिरावी तशी. उन्हात बसचा प्रवास, दुसरं काय. लिंबूपाणी दिलं. पिताना ठसका लागला.

रात्री हरिणीचा फोन. मी मागच्या दाराशी होते. ते म्हणत होते, "एप्रिलनंतर. एप्रिलनंतर काय ते ठरवू. आईला आत्ता काही बोलायचं नाही."

कळलं. कोइमतूरला हरिणीच्या इमारतीत तळमजल्यावर एक फ्लॅट रिकामा झाला आहे, असं ती पोंगलला बोलली होती. बापलेकीनं मिळून तंजावूर सोडायचं ठरवलं आहे. माझं टेबल, रोलर, दोऱ्या, सगळं कुठे जाणार, ते एप्रिलनंतर ठरवतील.

१२ मार्च

बोलणं कमी झालं आहे त्यांचं. बोलले तरी तोंडात विडा असल्यासारखं. विडा ते खात नाहीत. दाढेचं काहीतरी असणार, डेंटिस्टकडे जा म्हटलं तर हसले.

चौथ्या रंगासाठी मी कोरायला बसले. माझा हात बरा चालला आहे. झावळ्यांची सावली मनासारखी निघाली.

१७ मार्च

भांडण झालं.

चौथा रंग, करडा निळा. पहिल्याच कागदावर अर्धं आकाश आलं नाही. मी बोलून गेले, "तुम्हाला हे प्रदर्शन नको आहे. सरळ सांगा. हात आखडून माझं काम बिघडवू नका."

ते म्हणाले, "तसं नाही कनका."

"मग कसं आहे?"

त्यांनी पुन्हा करवंटी कागदावर टेकवली. मधोमध ठेवली आणि तशीच राहू दिली. मग ती हातातून सुटली, फरशीवर पडली आणि तडकली. माझ्या सासूची अगप्पै. मी उचलायला गेले नाही. तेही नाहीत. बऱ्याच वेळानं ते खाली बसले, आणि उठताना त्यांनी टेबलाचा पाय धरला.

उरलेले कागद त्यांनी दुपारी स्टीलच्या वाटीच्या बुडानं घासले. मी आतच होते. अकरा बरे निघाले. कोपरा फिकाच आहे, पण आता फाडायला कागद कुठे आहेत? तेच ठेवून घेतले. काळा मात्र त्यांच्याकडून करून घेणार नाही.

२३ मार्च

रघुपतीच्या छापखान्यात काळा छापला. तो लग्नपत्रिका छापतो. मागच्या खोलीत प्रूफ काढायचं जुनं यंत्र आहे, त्याच्या वडिलांच्या वेळचं. मोठा लोखंडी रूळ, मुठीनं फिरवायचा. लिनो बरोबर बसला. एकदा रूळ पलीकडे गेला, कागद उचलला, आणि काळा असा आला की मी तोंडावर हात ठेवला. रेघ न् रेघ. एकही कागद बिघडला नाही.

श्रीनिवासराव स्टुलावर बसून बघत होते. रघुपतीनं पत्रिकांच्या गठ्ठ्यांवरून त्यांना हाक मारली, "काय सार! आधी सरकारनं रिटायर केलं, आता अम्मांनी!"

श्रीनिवासराव हसले. हसत राहिले. एवढा काही मोठा विनोद नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात, रघुपतीची माणसं काम सोडून बघायला लागली. मला लाज वाटली. मी त्यांचा खांदा हलवला, "पुरे की हो." तेव्हा थांबले. तोंड पुसायला त्यांना रुमाल काढता येईना खिशातून, मी काढून दिला.

रिक्षात म्हणाले, "छान आलं. यंत्र चांगलं."

मी म्हटलं, "यंत्र रुसत नाही."

२७ मार्च

कागद सुकले. खाली पेन्सिलीनं क्रमांक घातले, मधे 'कोरडा कालवा', उजवीकडे सही. मग लिनो रद्द करायला घेतला. संच पूर्ण झाला की ठशावर आरपार रेघ मारायची, म्हणजे पुढे कुणी चोरून छापू नये. घेणाऱ्याचा तेवढा विश्वास राखावा लागतो.

श्रीनिवासराव दारात आले. "लिनो राहू दे गे थोडे दिवस."

"कशाला?"

"मला एक छापून बघायचंय. तुझ्या त्या काळ्यातलं. नुसतं काळं."

"मोडकी अगप्पै घेऊन?"

"वाटी आहे की."

मी म्हटलं, प्रणवेशला सांगितलं आहे की लिनो रद्द केला, आता खोटं पडायचं का? ते म्हणाले, "सेरी, सेरी. बरं तर." मी टोकदार हत्यार घेतलं आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात खोल ओढलं. मग उलट. लिनो सकाळपासून उन्हात होता, लोण्यासारखा कापला गेला. मान वर केली तेव्हा ते दारात नव्हते.

११ एप्रिल

उद्घाटन झालं. शंभराच्या वर माणसं असतील. तिरुवैयारूहून संगीतवाले आले, माझ्या जुन्या विद्यार्थिनी आल्या, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. आठ छाप गेले.

क्रमानं लिहिते, झोप येणार नाहीच.

हरिणी कालच आली होती. निघताना मी खोलीत डोकावले, तर ती अप्पांच्या शर्टाची बटणं लावत होती. साठी उलटलेला माणूस मान वर करून उभा, आणि तिशी उलटलेली लेक बटणं लावते आहे. मी म्हटलं, "लाड पुरे करा, रिक्षा उभी आहे." हरिणीनं माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर जाऊन रिक्षात बसले.

समई दालनाच्या मधोमध होती. पाच वाती. प्रणवेशनं पहिली लावली, दुसरी मी. मग तो म्हणाला, तिसरी सारांनी लावावी, चाळीस वर्षं यांनीच तर छापलं. टाळ्या झाल्या. श्रीनिवासराव पुढे आले. मेणबत्ती दोन्ही हातांनी धरली होती. वातीपर्यंत पोचली आणि निसटली. तेलात पडली, तेल उडालं, माझ्या कांजीवरमच्या काठावर मेण. फोटोग्राफरनं तोच फोटो घेतला.

मी बोलले, "हात आहेत की काय आहेत तुमचे?"

हळू बोलले असं मला वाटलं होतं. सगळ्यांना ऐकू गेलं. श्रीनिवासराव हसले आणि मागे सरकले. हरिणीनं वात लावली.

नंतर प्रणवेश मोठ्या चित्राशी लोकांना घेऊन उभा होता. उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे बघा. इथे रंग संपत जातो. आकाश स्वतःच विरतं. एवढा संयम मी फार थोड्यांत पाहिला आहे. मॅडम, हे तुम्ही ठरवून केलंत ना?"

लोक माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो."

श्रीनिवासराव भिंतीजवळच्या खुर्चीत होते. त्यांना ऐकू आलं असणार. त्यांनी मान डोलावली, गाण्याला दाद देतात तशी.

१२ एप्रिल

हरिणीनं सांगितलं. सकाळी, स्वयंपाकघरात, भांडी धुता धुता.

डिसेंबरमध्ये कळलं. रोगाचं नाव लांबलचक आहे. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. आधी हात, मग जीभ, मग पाय, मग श्वास. मार्चमध्ये तिरुचीला पुन्हा सुया टोचून तपासणी झाली होती. औषध आहे, पण ते बरं करण्याचं नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"अप्पांनी शपथ घातली होती. आईचं उद्घाटन होऊ दे म्हणाले. आणि..."

"आणि काय?"

"म्हणाले, तिला कळलं तर ती मला घासायला देणार नाही."

मी उरलेली भांडी धुतली. मागे अंगणात ते चटईवर उन्हात बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "साडीचं मेण निघालं का?" मी म्हटलं, इस्त्री आणि जुना कागद, निघेल.

३ मे

प्रदर्शन उतरलं. न गेलेले तीन छाप घरी आले. आज फ्रेमची मागची पट्टी काढली आणि कागद उलटा केला.

मी आजवर मागची बाजू कधी बघितली नव्हती. बघायचं ते पुढे असतं.

घासलेला कागद मागून चमकतो. खिडकीशी तिरका धरला की करवंटीची वाट दिसते. सगळ्यात खाली मोठी, गोल, एकात एक गेलेली वळणं, मधून कडेला. ती पिवळ्याची. त्यांच्यावर आखूड, तुटक फटकारे, थोडं जाऊन थांबलेले. डाव्या बाजूला वळणं उलटी फिरली आहेत. तिथे त्यांनी हात बदलला. चित्राच्या उजव्या कोपऱ्यामागे करवंटीची खूणच नाही. तिथे काही मंद गोल डाग आहेत, पेरूएवढे, एकाशेजारी एक. मी बराच वेळ बघत राहिले. मग माझा कोपर त्यावर ठेवून बघितला. बरोबर बसला.

यंत्राच्या रुळानं हे सगळं चेपून ठेवलं आहे. बघायला ऊन तिरकंच लागतं.

फाडलेले कागद शोधले. काही मीच फ्रेमच्या पॅकिंगला वापरले होते, काहींवर हरिणीनं कढया ठेवल्या. एकही अख्खा नाही. लिनोही काढून बघितला. शाई लावली तर त्या दोन रेघाच आधी दिसतील.

१० जून

कोइमतूरला जायचं ठरलं. तळमजला. चाकाची खुर्ची दारातून जाते, हरिणीनं मापून घेतलं आहे. टेबल न्यायचं नाही, असं मीच सांगितलं.

संध्याकाळी ते मला लिहिताना बघत होते. त्यांचं बोलणं आता मलाच कळतं, तेही दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. विचारलं, काय लिहितेस? मी म्हटलं, प्रदर्शनाचं. म्हणाले, वाच.

मी ९ फेब्रुवारीचं पान वाचलं. अगप्पैचं आलं तेव्हा ते हसले. १४ तारखेचं वाचलं. पान उलटलं, २३ तारीख दिसली, आणि मी थांबले.

"पुढे?"

"पुढे रंगांचीच नावं आहेत नुसती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सेरी," म्हणाले.

१६ जून

कालव्याला पाणी आलं. मेट्टूरच्या धरणातून सोडलं की किती दिवसांत तंजावुरात पोचतं, हे त्यांच्याशिवाय या गल्लीत कुणाला नीट माहीत नव्हतं. आज सकाळी येईल, असं त्यांनी कालच सांगितलं होतं, आणि आलं. मी पुलावर जाऊन बघून आले. गढूळ, फेसाळ, पुढे झावळ्या लोटत चाललेलं. घरी येऊन सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

मग मी तेलाची वाटी घेऊन बसले. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं सांगितलं आहे, दोन्ही तळहात रोज चोळायचे, नाहीतर बोटं आखडून बसतील. उजवा हात मांडीवर घेतला. अंगठ्याखालचा उंचवटा गेला आहे, तिथे खळगा पडला आहे. मी बोटांच्या टोकांपासून सुरुवात केली. हात हलका झाला आहे, चोळताना मांडीवरून सरकत होता. मी पुन्हा ओढून घेतला.

ते काहीतरी म्हणाले. कळलं नाही. मी कान तोंडाजवळ नेला. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा कळलं.

"मधून कडेला गे."

मी तळहाताच्या मधोमध अंगठा ठेवला आणि पुन्हा सुरुवात केली.